शिडाच्या छोट्या बोटीत पाणी येतंय? या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई बंदरातल्या छोट्या फायबरच्या बोटी वर काढल्या की बऱ्याच मालकांचा पहिला उद्योग ठरलेला असतो. सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि ओल दिसेल तिथे फासायची. ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरते आणि बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाची पाणी साचणारी पोकळी, पुन्हा भरलेलं!

पाणी येतंय कुठून, हे न शोधता लेप लावायला घेणं ही सगळ्यात महाग चूक. बिल्जमधलं पाणी खारट असेल तर संशय तळावर: पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचा सील, पाण्याखालचे व्हॉल्व्ह, कीलचे (तळाखालच्या जड पात्याचे) बोल्ट. गोडं असेल तर डेक गळतोय, नाहीतर पाण्याची टाकी. मात्र तळाशी साचलेल्या जुन्या मिठावर पाऊस पडला तरी पाणी खारटच लागतं, म्हणून आधी बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन खडखडीत कोरडं करा. मग डेकवर होज धरा, खालून वर, एका वेळी एकच फिटिंग (डेकवर बसवलेला भाग), प्रत्येकाला दहा मिनिटं. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. थेंब पडतो तिथेच भोक असतं असं नाही. डेक आणि आतल्या अस्तराच्या मधून पाणी चार-पाच फूट सहज वाहत जातं.

गळणाऱ्या क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंट्याच्या) कडेने बाहेरून सीलंट फिरवणं म्हणजे निव्वळ समाधान. क्लीट काढावीच लागते. डेकच्या पोटात बाल्सा लाकूड असेल तर स्क्रूचं भोक मोठं करा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने बुजवा आणि सुकल्यावर त्यातून नवं भोक पाडा. नाहीतर लाकूड आतल्या आत कुजतं. भोकाचं तोंड जरा पसरट करून ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा. आवळताना वरचा स्क्रू स्थिर धरून खालून नट फिरवा. स्क्रू फिरला की टेपचं सील तुटतं.

सिलिकॉन शक्यतो नकोच. त्याचा थर मागे राहतो आणि त्यावर पुढे काहीही चिकटत नाही. पाण्याखाली पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट चालतं, पण ॲक्रिलिकच्या खिडक्यांना पॉलिसल्फाइड लावू नका, त्यांना तडे जातात.

लाकडी बोटीचं गणित उलटं. उन्हात सुकून फटी पडल्या म्हणून त्यात कडक फिलर ठासू नका. पाण्यात फळ्या फुगतात, जागा मिळाली नाही की आतल्या फासळ्यांवर ताण येतो.

आता बिल्जपर्यंत हात पोचण्याचं. बिल्जवरच्या फळीत बरेच जण चार इंची झाकण बसवतात; त्यातून हात जातो, पाना धरलेला हात जात नाही. सहा इंची बसवा, जागा असेल तर आठ. कापण्याआधी मोबाइलचा कॅमेरा आत घालून बघा. कीलचा भार पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांना करवत लागता कामा नये. प्लायवूडची कापलेली कड इपॉक्सीने बंद करा. या पट्ट्यांमधली पाणी वाहून जायची भोकं केस आणि कचऱ्याने तुंबतात; त्यांतून बारीक साखळी ओवून ठेवली की अधूनमधून ओढून मोकळी करता येतात.

बिल्जमधलं पाणी उपसणाऱ्या पंपावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तासाला १,९०० लिटरचा पंप पाणी मीटरभर वर चढवताना त्यापेक्षा बरंच कमी उपसतो. उलट पाण्याच्या पातळीखाली फूटभर एक इंची भोक पडलं तर मिनिटाला ४० लिटरहून जास्त, म्हणजे तासाला २,४०० लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी भोकात ठोकायची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली हवी. पंपाचं पाणी बाहेर टाकणारं तोंड बोट कलल्यावरही पाण्याच्या वर राहतंय ना, हे तपासा, आणि पाइपला उंच वळसा द्या, नाहीतर समुद्रच उलटा आत ओढला जातो. शेवटी बिल्जमध्ये पाणी ओतत राहा आणि स्विचला हात न लावता पंप चालू होतो का ते बघा.