हेड सिमेंट नसेल तर फ्लायचं डोकं कशानं पक्कं करायचं

फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं मासेमारीचं नकली आमिष. तिचं डोकं म्हणजे गळाच्या नेढ्यामागचे दोऱ्याचे शेवटचे वेढे, आणि ते पक्के करायला लावतात ते हेड सिमेंट. मुळात ते पातळ केलेलं लॅकरच. ते दोऱ्याच्या वेढ्यांत झिरपतं, त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे कडक पापुद्रा राहतो. फ्लाय दगडावर घासली किंवा माशाच्या दातांत सापडली की झीज त्या पापुद्र्याची होते, दोरा वाचतो. हे काम करणाऱ्या दोन-तीन वस्तू घरातच असतात, बाकीच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

मात्र गाठ सैल असेल तर कुठलंही रसायन ती वाचवत नाही. डोकं धरून ठेवतो तो व्हिप फिनिश. दोऱ्याचा फास करून त्याच दोऱ्याच्या शेपटीवर पाच वेढे द्यायचे आणि मग शेपटी ओढून फास वेढ्यांखाली गाडायचा. एकदा पाच वेढे, वर पुन्हा एकदा पाच. गळाच्या नेढ्यामागे एका नेढ्याइतकी जागा सुरुवातीपासूनच मोकळी ठेवा. ती ठेवली नाही की डोकं नेढ्यावर चढतं, आणि मग काहीही लावलं तरी ते आधी नेढ्यातच शिरतं. दोऱ्याला मेण लावत असाल तर डोक्यापुरता बेतानं लावा, कारण मेणानं माखलेल्या वेढ्यांत काहीच नीट झिरपत नाही.

पारदर्शक नेलपॉलिश

पर्यायांत पहिला मान याचाच. साधं पारदर्शक घ्या. चमकी असलेलं नको. ‘झटपट सुकणारं’ही टाळा, कारण ते वरून आधी सुकतं, आतला द्रावक अडकतो आणि डोक्यावर बुडबुडे किंवा सुरकुत्या येतात.

बाटलीतलं पॉलिश थेट लावलं तर ते वेढ्यांच्या वर बसून राहतं, आत जात नाही. म्हणून दोन बाटल्या ठेवा. एकीत जसंच्या तसं पॉलिश. दुसऱ्या, छोट्या काचेच्या बाटलीत दोन भाग पॉलिश आणि एक भाग शुद्ध ॲसिटोन. इथे रिमूव्हर वापरण्याचा मोह होतो, पण बऱ्याच रिमूव्हरमध्ये पाणी, तेल किंवा ग्लिसरीन असतं. त्यानं मिश्रण दुधाळ होतं आणि चिकट राहतं. लेबलवर फक्त ॲसिटोन लिहिलेलं असेल तरच घ्या.

लावायला ब्रश नको. बाटलीतला ब्रश एका फ्लायच्या डोक्याला लागतं त्याच्या दहापट माल उचलतो. दाभण किंवा गोधडीची सुई बुडवा, बाटलीच्या काठाला पुसा आणि टोकावर उरलेला बारीक थेंब डोक्याला फक्त टेकवा. पातळ मिश्रण बरोबर जमलं असेल तर थेंब दोन-तीन सेकंदांत वेढ्यांत दिसेनासा होतो आणि दोरा ओला, गडद दिसतो. थेंब मण्यासारखा वर बसला तर आणखी थोडं ॲसिटोन घाला. वीस मिनिटांनी दुसरा पातळ हात द्या, तो सुकल्यावर वरून जाड पॉलिशचा एक हात. डबीत ठेवण्यापूर्वी रात्रभर उघड्यावर राहू द्या. घाई केली तर फ्लाय डबीच्या फोमला चिकटते आणि काढताना डोकं सोलून निघतं.

पावसाळ्यात एक त्रास हमखास होतो. पॉलिश सुकताना पांढुरकं पडतं. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. घाबरू नका, हवा कोरडी असताना पातळ मिश्रणाचा एक हात दिला की ते पुन्हा काचेसारखं होतं.

थर्मोकोलच्या अंगाच्या फ्लायला मात्र हे लावू नका, ॲसिटोन थर्मोकोल विरघळवतं. फ्लाय सुकायला थर्मोकोलच्या तुकड्यात टोचत असाल तर थेंब खाली पडणार नाही असं पाहा. मार्करनं रंगवलेल्या दोऱ्याचा रंगही ॲसिटोननं पसरतो.

फेविक्विक

आत शिरण्यात याचा हात कुणी धरणार नाही, आणि धोकाही त्यातच आहे. नळी थेट डोक्यावर दाबली तर थेंब हॅकलच्या, म्हणजे डोक्यामागे गुंडाळलेल्या पिसाच्या, मुळापर्यंत धावतो, पिसं ताठ होतात आणि फ्लाय पाण्यात काडीसारखी फिरते. त्याऐवजी व्हिप फिनिश करायच्या आधी, डोक्याजवळच्या साधारण एक सेंटिमीटर दोऱ्याला सुईच्या टोकानं फेविक्विक पुसा आणि लगेच वेढे द्या. गोंद वेढ्यांच्या मधे जातो, बाहेर पसरत नाही. हात झपाझप चालायला हवा. चौथ्या वेढ्यावर थबकलात तर फास तिथेच अडकतो, शेपटी ओढली जात नाही आणि दोरा तुटतो. हात बसला नसेल तर सुरुवातीला तीनच वेढे द्या.

सुकलेलं फेविक्विक ठिसूळ असतं. बारा-चौदा नंबरच्या छोट्या गळांना चालतं. मोठ्या फ्लायवर मात्र वरून नेलपॉलिशचा हात हवाच. डोक्याभोवती पांढरी भुकटी धरते ती त्याच्या वाफांची. म्हणून ताजी फ्लाय बंद डबीत टाकू नका. कापसाच्या बोळ्यावर फेविक्विक कधीही घेऊ नका, कापसाशी त्याची क्रिया होऊन बोट भाजण्याइतकी उष्णता निघते.

चपडा लाख

सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तीच. लोकांना ती जुनाट वाटते, पण थर्मोकोलच्या फ्लायवर हिच्याइतकं निर्धास्त दुसरं काही नाही, कारण ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट थर्मोकोलला धक्का लावत नाही. 100 मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये 20 ग्रॅम चपडा टाका, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा आणि सुती फडक्यातून गाळा. तीन पातळ हात, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या अंतरानं.

लाखेचा रंग नारिंगी असतो. काळ्या-तपकिरी दोऱ्यावर तो खुलतो, पांढरा दोरा मात्र चहात बुडवल्यासारखा दिसतो. फ्लाय फार वेळ पाण्यात राहिली तर लाख पांढुरकी पडते, म्हणून दिवसअखेर फ्लाय सुकवूनच डबीत ठेवा. विरघळवलेली लाख वर्षभरात जुनी होते आणि सुकतच नाही. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर बाटली फेका.

मोठ्या डोक्यांसाठी

चिकटवलेले डोळे असतील तर दोन नळ्यांचं, पाच मिनिटांचं इपॉक्सी लागतं. दोन्ही भाग अगदी समसमान घ्या, अंदाजात चूक झाली तर ते कायम चिकट राहतं. लावल्यावर घट्ट होईपर्यंत फ्लाय फिरवत राहा, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं. जेल नेलपॉलिशचा टॉपकोट आणि त्याचा यूव्ही दिवा घरात असेल तर काम आणखी सोपं होतं. वर राहणारा चिकट थर स्पिरिटनं पुसा, पण ओलं जेल कातडीला लागू देऊ नका. त्याची ॲलर्जी होते आणि एकदा झाली की सहसा सुटत नाही.

साधा पांढरा फेविकॉल पाण्यात मऊ पडतो, तो विसरा. चपलांचं रबरी सोल्यूशन तारा सोडतं, डोक्याच्या कामाचं नाही.

काहीही लावलं तरी ते ओलं असतानाच नेढं मोकळं करा. टाकाऊ हॅकलचं पीस देठाकडून नेढ्यात घालून आरपार ओढा, बारीक केस आत साचलेलं सगळं पुसून नेतात. फेविक्विक लावलं असेल तर मात्र पीस आतच चिकटतं, तिथे सुईच बरी. वाळून बंद झालेलं नेढं नदीकाठी उघडायला गेलात तर सुई गळाच्या धातूवर ओरखडे पाडते, आणि तोच ओरखडा पुढे लीडर, म्हणजे फ्लायला बांधलेली बारीक दोरी, कापतो.