पिक लाइन घालण्याआधी

नाळेतली लाइन काढायची वेळ झाली, बाळ जेमतेम किलोभराचं, दूध अजून थेंबाथेंबाने चाललंय आणि टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) तर बंद करता येत नाही, म्हणजे आज पिक लाइन (हातापायाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत न्यायची बारीक नळी) घालायची. ट्रे मांडायच्या आधी एक गोष्ट ठरवून टाका: एक्सरेच्या वेळी बाळाचा हात कसा असेल आणि तो कोण धरेल. 'कुणीतरी धरेल' चालणार नाही, कोण ते नाव घेऊन ठरवा. गेल्या खेपेला बाकी सगळं नीट झालं आणि नेमकं हेच राहिलं, म्हणून ते सगळ्यात आधी.

संमतीचं सकाळच्या राउंडलाच बघा. आई बऱ्याचदा दुसऱ्याच हॉस्पिटलात सिझेरियनचे टाके घेऊन पडलेली असते आणि बाबा वसईहून नाहीतर अंबरनाथहून लोकलने यायचे असतात. दुपारी ट्रे उघडून मग फोन लावू नका. 'हृदयाजवळ नळी' एवढंच ऐकलं तर कोणीही घाबरेल. साडेबारा टक्क्यांहून जास्त साखरेचं सलाइन हातापायाच्या बारीक शिरेतून देता येत नाही, शीर सुजते, कातडी जळते, शिवाय रोज नव्या सुया टोचाव्या लागतात, हे सांगा. जंतुसंसर्गाचा धोकाही सांगा, लपवू नका.

टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्ह्ज, मोठं ड्रेप (बाळावर टाकायचं निर्जंतुक कापड), हे सांगायला नकोच. किलोच्या आतल्या बाळाला १ फ्रेंचची नळी (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचं माप), मोठ्याला १.९ किंवा २ ची. फोर्सेप्स बिनदातांचा. सिरिंज १० मिलीची, आणि दोन ठेवा. सवयीने हात २ मिलीच्या सिरिंजकडे जातो, पण लहान सिरिंजने दाब इतका चढतो की एवढी बारीक नळी फुटू शकते. नळी आधी सलाइनने भरून घ्या. क्लोरहेक्सिडीन लागेल तेवढंच लावा आणि वाळू द्या. २६ आठवड्यांच्या बाळाची कातडी स्पिरिटवाल्या औषधाने भाजते, आणि ओघळून पाठीखाली साचलेलं औषध ड्रेपखाली दिसतही नाही. ड्रेप टाकण्यापूर्वी पाठीखाली बोट फिरवून बघा, कापड ओलं लागलं तर बदला.

माप हातातून घालताना टोचायच्या जागेपासून शिरेच्या वाटेने उजव्या कॉलरबोनच्या आतल्या टोकापर्यंत, तिथून खाली तिसऱ्या-चौथ्या फासळीमधल्या जागेपर्यंत. पायातून घालायची असेल तर बेंबीवरून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. आकडा मोठ्याने सांगा, सिस्टरना लिहून घेऊ द्या.

आता पुन्हा हात. मापताना आपण तो काटकोनात लांब करतो. बाळ तसं झोपत नाही. गुंडाळलं की हात अंगाशी येतो, कोपर दुमडतं. बॅसिलिक (हाताच्या आतल्या बाजूच्या) शिरेतून घातलेल्या नळीचं टोक तेव्हा हृदयाकडे सरकतं. म्हणजे हात ताणून काढलेल्या एक्सरेत टोक वरच्या महाशिरेत अगदी योग्य जागी दिसतं, सगळे समाधानाने ड्रेसिंग करतात, आणि बाळाला घडीत निजवल्यावर तेच टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात गेलेलं असतं. तिथे ते भिंतीला टोचत राहिलं तर टीपीएन हृदयाभोवतीच्या आवरणात झिरपू शकतं. क्वचित होतं, पण बाळ काही मिनिटांत कोसळतं. म्हणून एक्सरेला हात अंगाशी, कोपर दुमडलेलं, बाळ नेहमी निजतं तसंच. पोर्टेबल एक्सरे मशीन घेऊन येणारे टेक्निशियन छाती मोकळी दिसावी म्हणून हात सवयीने वर करतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा. रोजचे ओळखीचे असले तरी सांगा.

त्यांना आधीच बोलावून ठेवा, कारण ड्रेप निघालं की नळी फक्त बाहेर ओढता येते, पुन्हा आत सरकवायची नाही.

घालताना वॉर्मर चालू, डोक्याला टोपी, तापमान ३६.५ च्या खाली जाऊ देऊ नका. जिभेवर साखरेच्या पाण्याचे किंवा आईच्या दुधाचे थेंब. शीर मिळाली की टूर्निके (शीर फुगावी म्हणून आवळलेला पट्टा) सोडा. सुईतून नळी मागे ओढायची नाही, कापली गेली तर तुकडा आत राहतो.

ड्रेसिंग पारदर्शक, हाताला पूर्ण वेढा नको. बाहेर किती सेंटिमीटर आहे ते लिहा, आणि एक्सरेत हात कसा होता तेही त्याच ओळीत. हब (नळीचं बाहेरचं, सिरिंज जोडायचं टोक) दरवेळी १५ सेकंद घासायचा. या नळीतून रक्त काढायचं नाही, द्यायचंही नाही.

रोज राउंडला विचारा, लाइन अजून हवी का? दूध वाढलं की ती निघते, म्हणून आईचं कमी पडत असेल तर दूधपेढीचं मागवा. आशियातली पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आपल्या मुंबईच्या सायन हॉस्पिटललाच सुरू केली. दूध किलोमागे दिवसाला १२० मिलीच्या आसपास पोचलं की काढा, उद्यावर टाकू नका.

लाइन असलेलं बाळ अचानक निळं पडलं तर आधी टीपीएन थांबवा, लगेच इको (हृदयाची सोनोग्राफी) बोलवा. आणि मधे कधीही एक्सरे काढलात, न्यूमोनियासाठी का असेना, तर टोक कुठंय ते बघा आणि हात तसाच ठेवून काढा.