एल्कच्या टॅगचं वाटप बदलायचं असेल तर निवेदन कसं लिहावं

अमेरिकेतल्या कॉलोराडो राज्यात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीचा परवाना, म्हणजे टॅग, बहुधा सोडतीने मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर या ड्रॉचे निकाल लागले की आम्हा शिकाऱ्यांत तेच विषय निघतात. टॅग कोणाला लागला, कोणाच्या खात्यात नुसताच एक पॉइंट (टॅग न लागल्यावर मिळणारा, पुढच्या ड्रॉत क्रम वर नेणारा गुण) जमा झाला, बाहेरच्या राज्यांतले किती जण घुसले. त्यातली चिडचिड खरी असते. पण ती तशीच उचलून कमिशनपुढे (वन्यजीवांचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या मंडळापुढे) मांडली तर हाती वाटाण्याच्या अक्षता येतात. मी रॉकी पर्वतांच्या पश्चिम उतारावर राहते, सप्टेंबरात धनुष्य घेऊन एल्कच्या मागावर जाते आणि आमच्या भागातल्या शिकाऱ्यांना निवेदनं लिहायला मदत करते. आपल्यातले बरेच जण आता इथे शिकार परवाना काढू लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नियम बदलतात, सामान्य माणसाच्या अर्जानेही बदलतात. अर्ज मात्र नेमका हवा.

आकडा कोणाच्या हातात आहे ते आधी शोधा

एकाच टॅगमागे तीन-चार आकडे असतात आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात. कॉलोराडोत रहिवासी आणि बाहेरचे यांचा टक्का पार्क्स अँड वाइल्डलाइफ कमिशन ठरवतं. बहुतेक हंट कोडांना (प्राणी, भाग, हंगाम आणि हत्यार सांगणाऱ्या संकेतांना) पूर्वी ६५-३५ असा वाटा होता, तो पुढे ७५-२५ झाला, आणि ते कमिशनच्या मतदानाने झालं. परवान्याची फी मात्र विधिमंडळाच्या कायद्यातून येते. कमिशनपुढे उभं राहून फीबद्दल बोललात तर सभासद शांतपणे ऐकून घेतील, पण त्यांना त्यात काही करता येणार नाही.

न्यू मेक्सिकोत हेच उलटं आहे. तिथे ड्रॉतले ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरबरोबर (शिकारीची सोय करून देणाऱ्या व्यावसायिकाबरोबर) करार केलेल्यांना आणि ६ टक्के बाकीच्या बाहेरच्यांना, ही वाटणी कायद्यातच लिहिलेली आहे. ती बदलायची तर आमदार गाठावा लागतो. मोंटानात बाहेरच्यांच्या बिग गेम कॉम्बिनेशन (मोठ्या जनावरांच्या एकत्रित) परवान्यांची १७,००० ही मर्यादाही कायद्यात आहे. तिथे आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांसाठी राखीव परवाने असायचे, ते २०१० साली मतदारांनी आय-१६१ या प्रस्तावावर थेट मतदान करून बंद केले. म्हणजे कमिशन, विधिमंडळ आणि मतपेटी असे तीन रस्ते आहेत. आपला कोणता, ते पहिल्याच दिवशी ठरवा.

‘बाहेरच्यांना वेगळी वागणूक देणं घटनाबाह्य आहे’ असं सांगणारा कोणीतरी प्रत्येक बैठकीत भेटतो. त्याच्याशी वाद घालत बसू नका, तो प्रश्न निकालात निघालेला आहे. मोंटानात रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळत असताना बाहेरच्याला २२५ डॉलरचा कॉम्बिनेशन परवाना घ्यावा लागे. त्यावरचा बाल्डविन खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ साली न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे २००२ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या १० टक्के मर्यादेला संघीय अपील न्यायालयात धक्का बसला, तेव्हा अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, २००५ मध्ये कायदा करून राज्यांचा हा अधिकार पक्का केला. आता प्रश्न राहतो तो वाटा किती असावा एवढाच, आणि तो धोरणाचा आहे.

तक्रार नक्की कशाची आहे?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. माझ्याकडे येणाऱ्या कच्च्या निवेदनांत बहुधा चार तक्रारी एकाच परिच्छेदात कोंबलेल्या असतात: गर्दी फार, पॉइंट संपता संपत नाहीत, एल्क कमी झाले, आणि जे आहेत ते खाजगी रँचवर (गुरं पाळण्याच्या मोठ्या जमिनींवर) जाऊन बसतात. या चारही तक्रारींवरचे उपाय वेगळे आहेत.

गर्दीची तक्रार असेल आणि तुम्ही टक्केवारी बदलून मागत असाल, तर जंगलातला एकही माणूस कमी होणार नाही, फक्त गाड्यांच्या नंबर प्लेट बदलतील. गर्दीवर उपाय म्हणजे एकूण परवान्यांवर मर्यादा. कॉलोराडोने २०२५ पासून आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला बाहेरच्यांचे ओव्हर-द-काउंटर (सोडतीशिवाय थेट मिळणारे) धनुष्य परवाने बंद करून ते ड्रॉमध्ये आणले, ते याच कारणासाठी. रहिवाशांना ते अजून काउंटरवर मिळतात. आयडाहोनेही २०२६ च्या हंगामापासून बाहेरच्यांचे सर्वसाधारण हंगामाचे टॅग ड्रॉमध्ये घेतले.

एल्क कमी झाल्याची तक्रार असेल तर वाटपाकडे जाऊच नका, कळपाच्या व्यवस्थापन आराखड्याकडे जा. आमच्याकडे युनिटांचे (शिकारीसाठी आखलेल्या भागांचे) गट करून प्रत्येक कळपाचा आराखडा केलेला असतो. व्हाइट रिव्हरचा ई-६ हा त्यातला सर्वांत मोठ्या कळपांपैकी एक. एल्कची संख्या किती असावी, शंभर माद्यांमागे नर किती असावेत, हे त्या आराखड्यात लिहिलेलं असतं आणि वर्षाचे टॅग त्यावरून ठरतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात क्रेग-मीकरच्या बाजूला बर्फाने कहर केला, पाडसं गेली, आणि त्यानंतर तिथले परवाने चांगलेच कमी केले गेले. ती कपात योग्यच होती असं माझं ठाम मत आहे. टॅग कमी झाला म्हणून तेव्हा ओरडणाऱ्यांच्या निवेदनाला मी हात लावला नाही.

रँचवर बसलेल्या एल्कची तक्रार असेल तर जमीनमालकांच्या योजना वाचा. न्यू मेक्सिकोत जमीनमालकाला मिळालेलं शिकारीचं अधिकारपत्र तो विकू शकतो. मोंटानात ‘४५४ करार’ नावाची पद्धत आहे. त्यात मालकाला परमिट मिळतं, पण बदल्यात त्याने सार्वजनिक शिकाऱ्यांना जमिनीवर येऊ द्यायचं असतं. मला दुसरी पद्धत जास्त न्याय्य वाटते. पण मालकाचाही विचार करा. हिवाळाभर त्याचं गवत एल्क खातात, कुंपणं मोडतात. त्याला खलनायक ठरवणारं निवेदन पहिल्याच पानावर हरतं.

पॉइंटचं गणित कागदावर मांडा

समजा एका हंट कोडला वर्षाला २० टॅग आहेत आणि सर्वांत वरच्या पॉइंटवर ४०० जण बसले आहेत. नुसती ती रांग संपायला २० वर्षं लागतील. तोवर खालच्या पायरीवरचेही दरवर्षी एकेक पॉइंट वर सरकत राहणार. आज शून्यावर असलेल्या मुलीला तो टॅग कधी लागेल, याचं प्रामाणिक उत्तर ‘बहुधा कधीच नाही’ असं आहे. आमच्या २, १० आणि २०१ या युनिटांत नराच्या रायफल टॅगला वीस किंवा त्याहून जास्त पॉइंट लागतात.

निवेदनात भावना लिहिण्याऐवजी ड्रॉचा अहवाल जोडा. तो विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. हंट कोड वाचायला सोपा असतो. ‘ईएम०६१ओ१आर’ म्हणजे एल्क, नर, युनिट ६१, पहिला सीझन, रायफल. त्या कोडच्या पानावर पॉइंटच्या ओळी असतात आणि रहिवासी, बाहेरचे, लहान मुलं, जमीनमालक यांचे रकाने. वरच्या ओळीत किती अर्ज आले आणि किती लागले, हे मागच्या काही वर्षांच्या अहवालांतून काढून एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. रांग पुढे सरकते आहे की मागे, हे कमिशनच्या सभासदाला त्या एका तक्त्यात दिसतं.

मग उपाय सुचवा. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत पॉइंटच नाहीत, सरळ सोडत होते. अ‍ॅरिझोनात २० टक्के टॅग सर्वाधिक बोनस पॉइंटवाल्यांसाठी बाजूला ठेवतात. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांच्या वाट्यातले ७५ टक्के पॉइंटवर आणि २५ टक्के नशिबावर जातात. मी स्वतः मिश्र पद्धतीच्या बाजूची आहे. वीस वर्षं रांगेत उभ्या असलेल्याच्या तोंडाला पानं पुसायची नाहीत, आणि नव्या माणसासाठी दारही बंद करायचं नाही.

आता नियमाचं वाक्य लिहा

‘रहिवाशांचा वाटा वाढवा’ हे वाक्य नियमावलीत जात नाही. आमची बिग गेमची नियमावली ‘प्रकरण डब्ल्यू-२’ म्हणून ओळखली जाते. ती उघडा, आपल्याला बदलायचं आहे ते कलम उतरवून घ्या आणि खाली बदललेलं वाक्य लिहा. लिहिताना अपूर्णांकांकडे लक्ष द्या. १० टॅगांचे २५ टक्के म्हणजे अडीच. दोन द्यायचे की तीन? आठ टॅगांवर १० टक्के मर्यादा असेल तर एकही टॅग पूर्ण होत नाही. गटाने अर्ज केलेल्या दोघांसाठी कोट्यात एकच टॅग उरला असेल तर काय करायचं? एका वाट्याचे अर्ज कमी पडले तर उरलेले टॅग कोणाकडे जातील? छोट्या कोट्याच्या युनिटांत खरं वाटप याच ओळींत ठरतं आणि वाद नेमके इथेच होतात. उत्तरं तुम्ही लिहिली नाहीत तर दुसरं कोणीतरी लिहील.

त्यानंतर, या बदलाने कोणाचं नुकसान होणार, हे स्वतःच लिहा. बाहेरच्याचा नराचा टॅग ८०० डॉलरच्या वर जातो, रहिवाशाचा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. वन्यजीवांचं काम मुख्यतः परवान्यांच्या पैशावर आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका-दारूगोळ्यावरच्या करातून येणाऱ्या निधीवर चालतं. त्या निधीचा राज्याला मिळणारा वाटा निम्मा क्षेत्रफळावर आणि निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो. बाहेरच्यांचे शंभर टॅग कमी केले तर तिजोरीत किती खड्डा पडेल, याचा हिशोब तुम्हीच द्या आणि तो कसा भरायचा तेही सांगा. रहिवाशांनी थोडी जास्त फी द्यायची तयारी दाखवली तर निवेदनाचं वजन वाढतं. मी ती तयारी दाखवते, सहीनिशी.

वेळ आणि माणसं

कॉलोराडोत हंगामांचा आराखडा पाच वर्षांचा असतो. सध्याचा २०२५ ते २०२९ चा आहे. हंगामांच्या रचनेला हात घालणारी मागणी २०३० च्या आराखड्याच्या चर्चेतच टिकेल, म्हणून आत्तापासून तयारीला लागा. वर्षाच्या टॅगांची संख्या मे महिन्याच्या बैठकीत मंजूर होते. तिच्याबद्दल बोलायचं तर हिवाळ्यातच स्थानिक जीवशास्त्रज्ञाला आणि एरिया वाइल्डलाइफ मॅनेजरला भेटा, कारण मे उजाडेपर्यंत आकडे पक्के झालेले असतात. याशिवाय नियम बदलण्यासाठी कमिशनकडे नागरिकांची याचिका कधीही करता येते. तो हक्क राज्याच्या कायद्याने कोणालाही दिलेला आहे.

अर्ज पाठवण्याआधी एका आउटफिटरला आणि एका रँचरला वाचायला द्या. त्यांच्या हरकती तुम्हाला चहाच्या टेबलावर ऐकायला मिळाल्या तर कमिशनपुढे पहिल्यांदा ऐकायची वेळ येत नाही. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. त्यात कलम, बदललेलं वाक्य, तक्ता आणि पैशाचं उत्तर सांगा, एल्कवरचं प्रेम सांगायला वेळ उरणार नाही. लेखी प्रत आठवडाभर आधी पोचलेली असू द्या.

बदल मंजूर झाला तर नव्या हंगामाचं माहितीपुस्तक येताच आपलं कलम त्यात शब्दशः तपासा, आणि पहिल्या ड्रॉचा अहवाल आला की जुन्या तक्त्यात नवा रकाना जोडून तो सभासदांना पाठवा, आकडा तुमच्या मनासारखा आला नसला तरीही.