व्हिडिओवरून दुखापतीचा धोका मोजताय? या चुका टाळा

गेल्या हंगामात आमच्या पोरांचे फुटबॉल सामने मोबाईलवर शूट केले आणि रात्री लॅपटॉपवर एकेक टॅकल (समोरच्याकडून बॉल हिसकावण्याचा प्रयत्न) नोंदत बसलो. पहिले तीन सामने फुकट गेले. मोबाईल साईडलाइनला ट्रायपॉडवर होता. नाशिकच्या डिसेंबरातलं कोवळं ऊन थेट लेन्सवर, आणि पेनल्टी बॉक्समध्ये गर्दी झाली की नेमके कुणाचे तरी बाबा पुढ्यात येऊन उभे. कॅमेरा उंचावर लावा, गच्ची मिळाली तर उत्तमच. सूर्य पाठीशी ठेवा. बॉलमागे झूम करत धावू नका. बॉल निघून गेल्यावर बसलेली लाथ झूममध्ये हमखास निसटते.

खरी गफलत मात्र एक्सेलमध्ये होते. समजा, सरावात ५ जण दुखावले आणि सामन्यांत ३. म्हणजे सराव जास्त धोक्याचा? आधी भागाकार करा. अकरा जण ९० मिनिटं खेळले की एका संघाचे १६.५ खेळाडू-तास होतात. १० सामन्यांचे १६५. सरावाला २० पोरं, दोन-दोन तास, ३० दिवस म्हणजे १२०० तास. दर हजार तासांना सामन्यांत साधारण १८ दुखापती, सरावात ४. चित्र पार उलटं! टॅकल आणि हेडर (डोक्याने मारलेला बॉल) यांची तुलना करतानाही हेच: एकूण किती झाले, ते आधी मोजा.

दुसरं म्हणजे फक्त लंगडत बाहेर गेलेलेच मोजणं. असे प्रसंग इतके थोडे, की त्यावरून काहीच ठरत नाही. इंग्लिश प्रीमियर लीगच्या १० सामन्यांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुणी जखमी झालं नाही तरी त्या कृतीत दुखापतीची शक्यता किती होती, याची प्रतवारी लावली होती. समोरच्याचा टॅकल किंवा धक्का अंगावर येणं आणि स्वतः टॅकल करणं, यांत धोका ठळक दिसला. सामन्याची पहिली आणि शेवटची १५ मिनिटं जास्त वाईट. (ही १५ मिनिटं ३५ मिनिटांच्या शालेय हाफला जशीच्या तशी लावू नका. हाफचे तीन सारखे भाग करा.)

प्रतवारी म्हटली की वाद आलाच. मी ज्याला ‘टॅकल’ लिहिलं, त्याला आमचा सहायक कोच ‘नुसती खांदेधडक’ म्हणत होता. व्याख्या आधी कागदावर लिहा, एकच हाफ दोघांनी वेगवेगळा नोंदवा, आणि आठवड्याने तोच हाफ स्वतः पुन्हा. आकडे जुळले नाहीत, तर पोरांना दोष देण्याआधी व्याख्या दुरुस्त करा.

आमचा विंगर आसपास कुणी नसताना स्प्रिंटमध्ये मांडी धरून खाली बसला, हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावला. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. आता ‘विनासंपर्क’ असा एक आहे, शेजारी ‘आदल्या दोन दिवसांत किती खेळला’ हेही.