रेंज फुल, नेट बंद: सेटिंगचा मेसेज अँड्रॉइडवर सेव्ह होत नसेल तर

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. सिमला रेंज पूर्ण, कॉल लागतो, नेट बंद. सिम कंपनीचा सेटिंगचा मेसेज (नेटची सेटिंग फोनमध्ये भरणारा) बाबांच्या बटणाच्या फोनवर लगेच सेव्ह झाला. माझ्या अँड्रॉइडवर उघडेच ना. रीस्टार्ट केलं, सिम बदलून पाहिलं, मेसेज पुन्हा मागवला. ऐन कापूस विकायच्या दिवसांत जीव मेटाकुटीला आला.

बरेच नवे अँड्रॉइड असा मेसेज घेतच नाहीत, हाताने भरावं लागतं. सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, सिम, ॲक्सेस पॉइंट नेम्स (एपीएन, म्हणजे फोन कंपनीच्या नेटला ज्या नावाने जोडतो ते). तीन टिंबांतून आधी रीसेट. मग अधिकचं चिन्ह: नाव काहीही, एपीएन मात्र कंपनीच्या मेसेजमधलं जसंच्या तसं, शेवटी स्पेस नको. एमसीसी-एमएनसीला (देशाचा आणि कंपनीच्या नेटवर्कचा आकडा) हात लावू नका. ते चुकले की सेव्ह केलेलं एपीएन यादीत दिसतच नाही. तीन टिंबांतूनच सेव्ह, यादीत त्याच्यासमोरचं गोल बटण निवडा, मग विमान मोड चालू करून बंद.