बारावा टनर: साठा कळवताना नवा सेफ्टी ऑफिसर कुठे फसतो

तुमचं एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेची पदविका) झालंय, एसडीएस (रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक) वाचता येते आणि डिशचं (औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय) कार्यालय कुठे आहे हे ठाऊक आहे, असं धरून लिहितोय. एमएसआयएचसी नियम (धोकादायक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे) 1989 चे आणि पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे, हेही पाठ असेलच. नवा माणूस साठ्याच्या बेरजेत अडकतो.

क्लोरीनचंच घ्या. पहिली मर्यादा 10 टन, दुसरी 25 टन, आणि दोन्ही ‘इतकी किंवा त्याहून जास्त’ अशा. टनर म्हणजे क्लोरीनचं मोठं आडवं सिलिंडर, त्यात 900 किलो बसतो. 11 टनर म्हणजे 9.9 टन, बारावा उतरला की 10.8. तिथून कारखाना एमएएच (मोठ्या अपघाताचा धोका असलेलं) युनिट झाला: नियम 7 खाली अनुसूची 7 चा अहवाल, नियम 13 खाली ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन आणि दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल. अठ्ठाविसाव्या टनरला 25.2 टन होतात, मग सेफ्टी रिपोर्ट आणि दरवर्षी कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून ऑडिट.

अनुसूची 7 मध्ये आकडा मागितलाय तो जागेवर असू शकणाऱ्या कमाल साठ्याचा. सरासरी चालत नाही, महिन्याचा खप चालत नाही, 31 मार्चचा क्लोजिंग स्टॉक तर मुळीच नाही. जुना माल संपायच्या आत नवी गाडी आली, तर त्या दुपारी आवारात किती होतं तेच लिहायचं. हे ईआरपीत (कंपनीच्या संगणकातल्या नोंदींत) नीट दिसत नाही, कारण एंट्री दोन दिवसांनी पडते. गेटचं रजिस्टर आणि वजनकाट्याच्या पावत्या घेऊन बसा. आमच्या मते या कामातला खरा गुरू स्टोअरकीपर. दहा फॅक्टऱ्यांना एकच फाइल नाव बदलून देणारा कन्सल्टंट नव्हे.

आता खरा सापळा, आणि हा परिच्छेद दोनदा वाचा. मर्यादा एका शेडला किंवा एका प्लॉटला लागू होत नाही. एकाच भोगवटादाराची (ऑक्युपायर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणारा) इन्स्टॉलेशन्स एकमेकांपासून 500 मीटरच्या आत असतील तर त्यांचा साठा एकत्र धरायचा. एमआयडीसीत रस्त्याच्या अलीकडे जुना प्लांट, पलीकडे विस्तारासाठी घेतलेला प्लॉट, हे चित्र नेहमीचंच. अलीकडे 7 टनर, 6.3 टन. पलीकडे 5 टनर, 4.5 टन. दोन्हीकडचे रिपोर्ट वेगळे, दोन्हीकडे ‘मर्यादेखाली’ असा शेरा, आणि बेरीज 10.8. बोर्डावर नावं वेगळी असली तरी भोगवटादार कोण ते तपासा. अंतर मोजायचं इन्स्टॉलेशनपासून इन्स्टॉलेशनपर्यंत, गेटपासून गेटपर्यंत नाही. आणि सरळ रेषेत, कारण गॅस रस्त्याने वळसा घालून जात नाही. 500 मीटरच्या पुढेही एका जागेचा अपघात दुसरीकडे भडकू शकत असेल तर बेरीज टळत नाही. ‘520 मीटर आहे, सुटलो’ म्हणणाऱ्याला ही ओळ दाखवा.

त्याच घरातली दुसरी चूक म्हणजे चुकीची अनुसूची उघडणं. अनुसूची 2 आहे ती सुट्या साठ्यासाठी, म्हणजे जिथे फक्त गोदाम आहे तिथे. प्लांटला जोडलेला साठा अनुसूची 3 मध्ये येतो. क्लोरीनला दोन्हीकडे आकडे सारखे, म्हणून चूक लक्षात येत नाही. दुसऱ्या रसायनाला महागात पडते.

घाबरू नका, अर्ज तसा लहान आहे. वेळ मात्र मोठा लागतो: काम सुरू करण्याच्या किमान तीन महिने आधी अहवाल द्यायचा आणि मंजुरीसाठी अधिकाऱ्याकडे 60 दिवस असतात. ‘आधी माल आणू, मग कळवू’ म्हणणारा वरिष्ठ भेटला तर त्याचं म्हणणं मेलवर लेखी घ्या. बहुतेक वेळा मेल येतच नाही, आणि मालही थांबतो.

पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची केंद्रीय संस्था) खातं वेगळं. टनरसाठी गॅस सिलिंडर नियम 2016 आहेतच. पेट्रोलियममध्ये टोल्युइन क वर्ग समजून सोडून देणारे भेटतात. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) 4 अंशांच्या आसपास, म्हणजे अ वर्ग, आणि विनापरवाना सूट फक्त 30 लिटरची, तीही विक्रीसाठी नसेल आणि लहान बंद भांड्यांत असेल तर. 200 लिटरचा एक ड्रम आला की सूट संपली. डिझेल ब वर्गात. एका जागी 2500 लिटरपर्यंत परवाना नको, पण कुठलंही भांडं 1000 लिटरच्या वर नको. डिझेल जनरेटरच्या टाक्या 990 लिटरच्या दिसतात त्या यामुळे. दोन टाक्या भरल्या की 1980, शेजारी तीन बॅरल म्हणजे आणखी 600, आणि 2580 वर परवाना लागला. बॅरल कोणी मोजत नाही.

एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंटमधला, म्हणजे संमतीपत्रातला, ऑनसाइट प्लॅनमधला आणि अनुसूची 7 मधला आकडा शेजारी शेजारी ठेवा. तपासणीला आलेला अधिकारी तेच करतो. साठा वाढो की कमी होवो, नियम 8 प्रमाणे तो बदल ताबडतोब कळवायचा असतो. म्हणून खरेदी विभागाला सांगून ठेवा: क्लोरीनची ऑर्डर सेफ्टीच्या सहीशिवाय सोडायची नाही, आणि सही करण्याआधी पलीकडच्या प्लॉटच्या स्टोअरला फोन लावायचा.