एअर रायफलचा स्कोप झिरो धरत नसेल तर

झिरो धरणं म्हणजे एकदा जुळवलेला नेम जागेवर राहणं. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा. मग टरेट (स्कोपवरची नेम सरकवायची फिरकी) फिरवण्याआधी माउंट (स्कोप रायफलवर बसवायची पकड) बघा; बहुतेक दुखणी तिथलीच असतात. माउंटला टेकून रेलवर (रायफलवरच्या खाचेच्या पट्टीवर) पेन्सिलची बारीक रेघ मारा आणि दहा छर्रे झाडा. मध्ये फट दिसली तर माउंट सरकतोय. स्प्रिंगवाली रायफल मागे आणि पुढे असे दोन्हीकडे धक्के देते, म्हणून तिला स्टॉप पिनवाला (सरकू न देणाऱ्या खिळीचा) माउंटच हवा. रेलवरचं तेल पुसा, स्कोपभोवतीच्या रिंगचे स्क्रू आलटून-पालटून सुमारे 2 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. जास्त आवळलात तर स्कोपची ट्यूब चेपते आणि टरेट अडखळतो.

माउंट पक्का निघाला, तर पाव एमओएच्या टरेटला (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग; एका क्लिकला पाव एमओए) 40 क्लिक द्या: 10 मीटरवर मार, म्हणजे छर्रा लागायची जागा, साधारण 29 मिलिमीटर सरकायला हवा. 40 क्लिक परत फिरवल्यावर मूळ जागी येत नसेल, तर स्कोपच्या आतली स्प्रिंग थकलेली समजा. तो घरी उघडायचा प्रकार नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर काढल्यावर काचेवर बाहेरून धुकं येणारच, ते आपोआप जातं. आतून आलं तर सील गेलं. मिरामारसारख्या किनाऱ्यालगत स्क्रूही गंजतात. स्कोप कापडी पिशवीत नको, बुरशी धरते. सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.